कार्तिकातलं पाणी : मराठवाड्याचे झरे आणि उगम मोजत सात दिवस

मराठवाड्यातलं पाणी पाहायला लोक श्रावणात निघतात. धबधबे तेव्हा भरात असतात हे खरं, पण पाणी मोजायचं असेल तर श्रावण कामाचा नाही. तेव्हा वाहतं ते आभाळाचं पाणी. डोंगराचं पाणी कार्तिकात कळतं. शेवटचा मोठा पाऊस होऊन तीन आठवडे उलटले आणि ओढ्याचा गढूळपणा बसला, की त्यानंतर जे वाहत राहतं ते खडकानं धरून ठेवलेलं असतं. म्हणून हा दौरा कार्तिकात. आणि त्याच जागा, त्याच क्रमानं, पुन्हा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. एकाच मोसमातली नोंद अर्धीच समजावी.

सामान फार लागत नाही. दहा लिटरची बादली (घरी एक लिटरच्या मापानं भरून खूण केलेली, बाजारातल्या बादलीवरचा आकडा धरू नये), मोबाइलमधलं स्टॉपवॉच, ३० मीटरचा टेप, अर्ध्या इंची पाइपचा तुकडा, थर्मामीटर, पीएच आणि विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेले क्षार वाढले की ती वाढते) मोजणारी खिशातली उपकरणं, नायट्रेट आणि फ्लोराइड तपासायची किट, जिवाणूंसाठी एच-टू-एसच्या बाटल्या. पीएच मीटर रोज सकाळी ७ आणि १०च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणात), वाहकता मीटर १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणात तपासून घ्यायचं. हे टाळलं तर सात दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि चूक घरी आल्यावरच कळते.

दिवस पहिला : छत्रपती संभाजीनगर, खाम नदी

सुरुवात हर्सूलच्या बाजूनं. खाम जटवाड्याच्या डोंगरातून येते, शहर ओलांडते आणि पुढे गोदावरीला मिळते. शहरातल्या नदीचं मूल्यमापन काठावर उभं राहून होत नाही, प्रवाहाबरोबर चालत जावं लागतं. प्रत्येक नाला मिळतो तिथे तीन नोंदी करायच्या: नाल्याच्या वर, नाल्यात, आणि मिळाल्यावर साधारण पन्नास पावलं खाली. वाहकतेचा आकडा जिथे एकदम उडी घेतो तिथे सांडपाणी शिरतं. प्रयोगशाळेत नमुना धाडण्याआधीच एवढं कळतं, आणि कुठला नाला आधी अडवायचा हेही ठरतं. गेल्या काही वर्षांत खामवर बरंच चांगलं काम झालं आहे, काठ मोकळे झाले आहेत. पण काठावरची झाडं आणि पात्रातलं पाणी यांची नोंद वेगळी ठेवायला हवी. काठ सुधारला म्हणून पाणी सुधारलं असं धरून चालत नाही.

दुपारी नहरी. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बांधीव बोगद्यांतून गावात आणलं. पाणचक्की याच परंपरेतल्या पुढच्या नहरीवर चालली. नहर माणसानं बांधली, पण तिचा जीव डोंगरातल्या पाझरात आहे. त्यामुळे उच्छ्वासांची (बोगद्यावर हवेसाठी ठेवलेल्या उभ्या झरोक्यांची) नुसती डागडुजी करून नहर वाचत नाही. ती बिघडते तीन कारणांनी: वड-पिंपळाची मुळं चिरेबंदीत शिरतात, शेजारच्या शोषखड्ड्याचं पाणी पाझरून आत येतं, आणि इमारतीचा पाया खोदताना बोगद्याचं छत फुटतं. दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. उच्छ्वासातून दोरीनं बाटली सोडून नायट्रेट तपासलं की ते उघडं पडतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

दिवस दुसरा : वेरूळ आणि म्हैसमाळ

येळगंगा वेरूळच्या लेण्यांवरून खाली उतरते. २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ, सीतेच्या न्हाणीत, ती कड्यावरून पडते. इथे खडक वाचायला शिकावं, कारण पुढचे सगळे दिवस याच वाचनावर चालणार आहेत.

आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट कातळ, वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा आणि झिजलेला. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबडा, गेरूसारखा मातकट पट्टा असतो. पाऊस वरच्या सच्छिद्र दगडात मुरतो, खाली उतरतो, घट्ट कातळाला किंवा तांबड्या पट्ट्याला अडतो आणि आडवा सरकत कड्याला जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतो. म्हणून झरे डोंगरावर विखुरलेले नसतात, एका उंचीवर ओळीनं असतात. समोरच्या कड्याकडे पाहावं: शेवाळ, नेचे आणि उंबर एका आडव्या रेषेत दिसले की ती पाझररेषा. एक झरा सापडला की त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवावी आणि त्याच उंचीनं कड्याच्या कडेकडेनं चालावं. बाकीचे झरे सापडत जातात.

म्हैसमाळचं पठार सुमारे १,०६७ मीटरवर आहे. झऱ्याची पाठ ती हीच: पाणी मुरतं ते इथे, दिसतं ते खाली. पठारावर समतल चर (६० सेंटिमीटर रुंद, ३० ते ४५ सेंटिमीटर खोल), गवत आणि चराईबंदी यांचा उपयोग होतो. पण लेण्यांच्या थेट डोक्यावर हाच उपाय अपाय ठरतो. तिथे मुरवलेलं पाणी भेगांतून छतात उतरतं आणि कोरीव काम सुटू लागतं. तिथे पाणी लवकर वाहून नेणारी वाटच हवी. एकाच डोंगरावर शंभर पावलांच्या अंतरानं दोन उलट उपाय करावे लागतात, आणि ‘पाणी अडवा’चा नकाशा कार्यालयात बसून काढला की हा फरक हमखास सुटतो.

दिवस तिसरा : पैठण, नाथसागर

नाथसागर नैसर्गिक नाही. जायकवाडीचं बांधकाम १९६५ मध्ये सुरू झालं, १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त सुमारे ७६. तरी तो या दौऱ्यात आहे, कारण उथळ पसरट काठामुळे तिथे खरीखुरी पाणथळ तयार झाली आणि १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे.

कायद्याच्या दृष्टीनं ही जागा समजून घ्यावी. २०१७च्या पाणथळ नियमांतून नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेले आहेत. म्हणजे मराठवाड्यातले बहुतेक मोठे जलाशय या नियमांत बसतच नाहीत. नाथसागराला आधार आहे तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा. एखाद्या तलावासाठी निवेदन लिहिताना चुकीच्या कायद्याचा हवाला दिला तर ते पहिल्याच टेबलावर अडकतं. आधी तलाव बांधीव की नैसर्गिक, आणि बांधीव असेल तर कशासाठी, हे कागदावर आणावं.

पक्ष्यांची मोजणी सकाळी, सूर्य पाठीमागे ठेवून. काठाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एकच मोजणारा. कार्तिकात तलवार बदकं, चक्रवाक आणि पट्टकादंब यायला लागतात. रोहित पक्षी पाणी ओसरून चिखल उघडा पडला की जास्त दिसतात. पाण्याची पारदर्शकता मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी पुरते: दोरीनं सोडायची, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली यांची सरासरी. गाळपेरीच्या जमिनीजवळ आणि मोकळ्या पाण्यात असे दोन आकडे घ्यावेत. पाणी ओसरलेल्या जमिनीवर पीक घेणं ही इथली जुनी वहिवाट आहे आणि त्यावर अनेक घरं चालतात. त्रास होतो तो फवारणीचा, कारण पुढच्या पावसाळ्यात तीच जमीन पाण्याखाली जाते. पीक बंद करण्यापेक्षा काठालगतचा पट्टा फवारणीविना ठेवण्याबद्दल बोलावं. ती गोष्ट होण्यासारखी आहे.

दिवस चौथा : बीड, कपिलधारा

पैठणहून बीड, तिथून मांजरसुंब्याच्या बाजूला कपिलधारा. मन्मथस्वामींचं संजीवन समाधीस्थान, कार्तिकात मोठी यात्रा. यात्रेच्या दिवसांत मोजणी करू नये, आधी किंवा नंतर आठवडाभर अंतर ठेवावं. जिवाणूंची तपासणी मात्र आधी एकदा आणि नंतर एकदा करावी. एच-टू-एसची बाटली खुणेपर्यंत भरून अंगाच्या उबेइतक्या तापमानात ठेवायची, २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतल्या जिवाणूंचा संशय. दोन बाटल्यांमधला फरक सांगतो की दोष झऱ्यात आहे की वापरात. दोष वापरात असेल तर शौचालयांची जागा बदलणं हा उपाय. झऱ्यात ब्लीचिंग पावडर टाकून काही साधत नाही.

झरा मोजण्याची रीत इथे सविस्तर द्यायला हवी. धार एकवटलेली असेल तर तिच्याखाली पाइपचा तुकडा ओल्या मातीनं बसवून बादली धरायची. तीन वेळा वेळ घ्यायची आणि सरासरी काढायची. बादली पाच सेकंदांच्या आत भरत असेल तर मोठं भांडं घ्यावं, नाहीतर बोटाच्या चुकीनंच आकडा बिघडतो. समजा दहा लिटरला २५ सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला २४ लिटर, दिवसाला ३४,५६० लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर सव्वासहाशे माणसांची गरज. आता तोच झरा मे महिन्यात मिनिटाला दोन लिटरवर आला असं धरू: दिवसाला २,८८० लिटर, म्हणजे पन्नास माणसांपुरतं. योजना आखायची ती या दुसऱ्या आकड्यावर. कार्तिकातल्या आकड्यावर टाकी बांधली की ती वैशाखात कोरडी पडते, आणि मग टाकी भरायला वरच्या पठारावर बोअर घेतला जातो. झरा मरतो तो इथून.

बोअरनं नेमकं काय होतं, हे दुसऱ्या दिवशीचा खडक डोळ्यांसमोर ठेवून पाहावं. झऱ्याला पाणी मिळतं कारण खालचा घट्ट थर त्याला धरून ठेवतो. बोअर तो थर भेदतो. वरचं पाणी नळीतून खाली उतरतं आणि कड्याकडे आडवं सरकायचं थांबतं. वरच्या भागात केसिंग पाइप नीट न बसवलेला, बंद पडलेला बोअरसुद्धा हे काम करत राहतो, मोटार चालू असण्याची गरज नाही. म्हणून झऱ्याच्या पाठीवरचे कोरडे बोअर शोधून ते चिकणमाती आणि सिमेंटनं खालून वर भरत आणणं, हे चर खोदण्याच्या आधीचं काम आहे. महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवरही. झरा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा असेल तर तो ‘सार्वजनिक उद्भव’ म्हणून नोंदवून घ्यावा. मग हे ५०० मीटर त्याला लागू होतात.

झऱ्याचं तोंड बांधायचंच असेल तर एक गोष्ट कधी करू नये: पाण्याची पातळी झऱ्याच्या डोळ्याच्या, म्हणजे पाणी खडकातून बाहेर येतं त्या तोंडाच्या, वर चढवू नये. सुंदर कुंड बांधतात, फरशी लावतात, सांडवा वर ठेवतात. कुंड भरलं की पाण्याचा दाब मागे जातो आणि झरा दुसरी वाट शोधतो. पुढच्या वर्षी कुंड कोरडं आणि चाळीस पावलांवर चिखल. सांडव्याची नळी नैसर्गिक तोंडापेक्षा एक वीत खाली ठेवावी. डोळ्याच्या मागच्या बाजूला सिमेंट अजिबात नाही. कोरड्या दगडांचा रचाव, त्यापुढे आधी मोठी आणि मग बारीक खडी. वर झाकण, आणि वरच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारी छोटी चारी. गुरांसाठी हौद दहा-पंधरा मीटर खाली, सांडव्याच्या पाण्यावर.

परतताना बीडची खजाना विहीर. सोळाव्या शतकातलं, निजामशाहीच्या काळातलं हे काम. तिथे थोडाच वेळ द्यावा, पण पाण्याचं तापमान आणि वाहकता नोंदवावी. कपिलधारेच्या आकड्यांशेजारी ते ठेवायला उपयोगी पडतात.

दिवस पाचवा : पाटोद्याचं पठार, मांजरा आणि विंचरणा

या दौऱ्यातला सर्वांत मोलाचा दिवस. पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या पठारावर गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते. सिंदफणाही याच तालुक्यातल्या डोंगरातली. दोन्ही गोदावरीला मिळतात. त्याच तालुक्यात सौताड्याला विंचरणा खोल दरीत झेपावते आणि पुढे सीना, भीमा, कृष्णा अशी जाते. एका पठारावर पडलेला पाऊस दोन महानद्यांत वाटला जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या लातूरची तहान ज्या मांजरेवर आहे ती इथे एका ओघळीएवढी आहे. लातूरच्या पाण्याची चर्चा धरणापासून सुरू होते. ती गवळवाडीपासून सुरू व्हायला हवी.

उगम ही एक जागा नसते. देवळाजवळचं कुंड हा मानलेला उगम. मोजायचा तो त्याच्या वरचा सगळा उतार. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर समोच्च रेषांवरून पाणलोटाची हद्द आखून घ्यावी आणि मग त्या हद्दीवरून पायी फिरावं. मुरमाची खाण, नवा रस्ता, प्लॉटिंग, सौर पॅनेल, जे असेल ते नकाशावर टाकावं. रस्त्याची मोरी पाहायला विसरू नये. एक चुकीच्या पातळीची मोरी ओघळीचं पाणी शेजारच्या खोऱ्यात वळवते, आणि पाणलोटाच्या इतक्या वरच्या टोकाला ते पुन्हा परत येत नाही.

सौताड्यात प्रवाह मोठा असतो, तिथे बादली चालत नाही. दरीत उतरल्यावर धबधब्याच्या डोहापासून खाली, सरळ वाहणारा दहा मीटरचा भाग निवडायचा. रुंदी, पाच ठिकाणची खोली, आणि वाळक्या काडीला किंवा नारळाच्या करवंटीला दहा मीटर जायला लागणारा वेळ, पाच वेळा. समजा रुंदी २.४ मीटर, सरासरी खोली ०.२० मीटर, वेळ २५ सेकंद. वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागाचा वेग तळापेक्षा जास्त असतो, म्हणून दगडगोट्यांच्या पात्रात ०.८नं गुणायचं. उत्तर सेकंदाला सुमारे १५४ लिटर. लहान ओघळीवर पत्र्याचा ९० अंशांचा व्ही-खाच बांध जास्त अचूक: खाचेच्या तळापासून पाणी १० सेंटिमीटर चढलं असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर. पाण्याची उंची मात्र खाचेवर मोजायची नाही, बांधापासून मागे हात-दोन हातांवर मोजायची. खाचेपाशी पाणी खाली वाकतं आणि आकडा कमी येतो. ही चूक अगदी सरावलेल्या हातांकडूनही होते.

दुपार तलाठी कार्यालयासाठी राखावी. उगमाचा गट क्रमांक, सातबारा आणि गावनकाशा. सातबाऱ्यावर झरा, ओढा, तळं बहुधा ‘पोटखराब’मध्ये (लागवडीला योग्य नाही म्हणून नोंदलेल्या जमिनीत) असतं, आणि त्यातही वर्ग ‘अ’ आणि वर्ग ‘ब’ असा भेद आहे. लोकांच्या वापरातला ओढा, तळं, रस्ता वर्ग ‘ब’मध्ये येतो आणि त्यावर लागवड करता येत नाही. झरा चुकून ‘अ’ मध्ये असेल तर जमीनमालकानं ती जागा लागवडीखाली आणली, तरी गावाला बोलायला आधार उरत नाही. ही एक नोंद दुरुस्त करून घेणं दहा फलकांहून उपयोगी आहे. गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, तीही पाहावी. गायरान आणि तळ्यांवरची अतिक्रमणं हटवण्याचे स्पष्ट निर्देश सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सगळ्या राज्यांना दिलेले आहेत. शेवटी ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही: २००२च्या जैवविविधता कायद्याखालची. तिच्यात झरा, त्यातले मासे, काठची झाडं आणि पाणी कोण कसं वापरतं ते लिहून घेता येतं.

माहिती विचारताना सगळ्यात आधी गुरं राखणाऱ्यांना आणि पाणी भरणाऱ्या बायकांना गाठावं. “वैशाखात शेवटी कुठला पाणवठा आटतो, मावशी?” एवढा एक प्रश्न पुरतो. त्या सांगतील तो क्रम म्हणजे झऱ्यांच्या ताकदीची यादी.

दिवस सहावा : परभणीमार्गे नांदेड

प्रवासाचा दिवस. सेलू तालुक्यात वालूरच्या बारवा वाटेत घ्याव्यात. गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून त्या मोकळ्या केल्या. एका बारवेच्या पायऱ्या गोल वळत खाली जातात. गाळ काढताना एवढंच जपायचं: तळातली वाळू-खडी उपसू नये आणि तळाला सिमेंटचा कोबा घालू नये. उमाळे तिथूनच येतात.

दिवस सातवा : किनवट, उनकेश्वर आणि सहस्रकुंड

इथे काळ्या दगडाची चादर संपत येते आणि खालचा जुना ग्रॅनाइटसारखा खडक वर येऊ लागतो. पाण्याचा स्वभावही बदलतो. किनवट भागातल्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळतं, म्हणून इथे प्रत्येक नमुन्याला फ्लोराइडची चाचणी. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पाणी स्वच्छ, थंड आणि चवीला गोड असूनही दात पिवळे-तपकिरी करू शकतं.

उनकेश्वरचे गरम झरे पैनगंगेच्या काठी आहेत. कुंडातल्या पाण्याचं तापमान हे झऱ्याचं तापमान नव्हे. कुंडात ते निवतं आणि वरचं पाणी मिसळतं. थर्मामीटर दोरीला बांधून बुडबुडे येतात तिथे, तळाशी, तीन मिनिटं धरावा. नमुन्याची बाटली पाण्याखालीच भरून पाण्याखालीच बंद करावी, आत हवा राहिली तर गंधकाचा वायू उडून जातो. पीएच जागेवरच घ्यायचा, आणि गरम पाण्यासाठी मीटरची तापमान-दुरुस्ती चालू आहे ना ते पाहायचं. गरम झऱ्याला सगळ्यात मोठा धोका शेजारच्या खोल बोअरचा. खोलीतून भेगेनं वर येणारं पाणी बोअरला मिळालं की कुंड निवत जातं. दरवर्षी एकाच आठवड्यात, पहाटे, एकाच जागी घेतलेलं तापमान हा त्याचा पहिला इशारा.

तिथून इस्लापूर आणि सहस्रकुंड. पैनगंगा कातळाच्या पायरीवरून अनेक धारांनी पडते. अलीकडे नांदेड, पलीकडे यवतमाळ. वर इसापूर धरण आहे, त्यामुळे इथला प्रवाह पावसाइतकाच धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरतो. नोंदीत त्या दिवशीचा विसर्ग लिहिलाच पाहिजे, नाहीतर आकडा निरर्थक. धबधब्याजवळ काडी सोडून मोजण्याचा प्रयत्न करू नये. कातळ निसरडा आहे आणि विसर्ग वाढला तर पाणी अचानक चढतं. वरच्या बाजूला, सुरक्षित खडकावर, तेलरंगानं १० सेंटिमीटरच्या अंतरानं खुणा करून पाणी कुठल्या खुणेला आहे ते लिहावं, आणि त्याच जागेवरून, त्याच दिशेनं फोटो घ्यावा. मे महिन्यात परत गेलं की आधी खुणा पुन्हा रंगवायच्या आणि मगच पातळी वाचायची.